बंगाली बोलपटांतील भुकेचें चित्र

खेड्यांतील दारिद्र्याचें आणि उपासमारीचें चित्रण करणारे बंगाली बोलपट थोर प्रतीचे आहेत, हें आज सहसा कोणी नाकारीत नाहीं. तथापि ते पाहावयास बसण्यापूर्वीं सुशिक्षित घरांतून एक प्रश्न हटकून विचारला जातो. दिवसभराच्या कामानंतर दोन घटका विरंगुळा मिळावयाचा, तर तेथेंहि दुःखच कां पाहावें? प्रश्न रास्त आहे. आणि करुणरसानें मन शुद्ध होतें, असें ठराविक उत्तर देऊन तो मिटण्यासारखाहि नाहीं. कारण दुःख नुसतें दृष्टीस पडल्यानें मन शुद्ध होतेंच असें नाहीं. पुष्कळदां तें बोथट होतें. १९४३ सालीं खेड्यांतून आलेलीं माणसें कलकत्त्याच्या रस्त्यांवर अन्नावांचून मेलीं, आणि त्याच रस्त्यांवरून शहरचे लोक रोज आपापल्या कचेऱ्यांना जात होते. प्रारंभीं ज्या दृश्यानें घास घशाखालीं उतरेना, त्याच दृश्याची पुढें संवय होऊन गेली.

बंगालच्या दिग्दर्शकांपुढची खरी अडचण हीच होती. भूक कशी दाखवावी, एवढाच त्यांच्यापुढें प्रश्न नव्हता. भूक पाहून पाहणारा सुस्कारा टाकतो आणि घरीं जाऊन जेवतो. त्या सुस्काऱ्याच्या पलीकडे त्याला कसें न्यावें, हा प्रश्न होता. या प्रश्नाशीं ज्या बोलपटांनीं झुंज घेतली, त्यांतील तीन येथें विशेषेंकरून विचारांत घेण्यासारखे आहेत: मृणाल सेन यांचा १९६० सालचा 'बाइशे श्रावण', सत्यजित राय यांचा १९७३ सालचा 'अशनि संकेत', आणि पुन्हां मृणाल सेन यांचाच १९८० सालचा 'आकालेर संधाने'. तिन्हींच्या मुळाशीं एकच दुष्काळ आहे. पहिला त्या दुष्काळाकडे एका घरांतून पाहतो, दुसरा एका गांवांतून, आणि तिसरा मात्र कॅमेरा उलटा फिरवून तो पाहणाऱ्याच्याच तोंडापुढें धरतो.

तो दुष्काळ कसा पडला, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे; कारण त्याची घडण कळल्यावांचून या बोलपटांचें मर्म कळणार नाहीं. बंगाली सन १३५० मध्यें तो पडला, म्हणून त्याला बंगालींत 'पंचाशेर मन्वंतर', म्हणजे पन्नासचा दुष्काळ, असें म्हणतात. १९४२ च्या मार्चमध्यें रंगून जपान्यांच्या हातीं पडलें आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ येणें बंद झालें. शत्रु समुद्रमार्गें येईल या भीतीनें सरकारनें किनाऱ्याकडील मुलखांतून दहा किंवा अधिक माणसें वाहून नेऊं शकणाऱ्या होड्या काढून घेतल्या. ज्या प्रांतांत नदी हाच रस्ता आणि होडी हीच बैलगाडी, तेथें या एका हुकुमानें कोळ्यांची उपजीविका गेली आणि मालाची ने-आणहि अडली. १९४२ च्या ऑक्टोबरांत मेदिनीपूरच्या बाजूस भयंकर चक्रीवादळ झालें. हिवाळ्यांत कापणीला येणारें 'आमन' भात हें तेथील मुख्य पीक. वादळानें आणि मागोमाग पडलेल्या रोगानें त्याचें नुकसान झालें.

एवढ्यावरून कोणी म्हणेल कीं, तांदूळ नव्हता म्हणून माणसें मेलीं. परंतु अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत निराळाच हिशेब मांडला. दुष्काळाच्या वेळीं स्वतः सेन नऊ वर्षांचे होते. त्यांच्या हिशेबाप्रमाणें १९४३ सालीं बंगालमध्यें उपलब्ध असलेलें धान्य मागील पांच वर्षांच्या सरासरीपेक्षां सुमारें ५ टक्केच कमी होतें, आणि १९४१ सालापेक्षां तर तें १३ टक्के अधिक होतें. १९४१ सालीं दुष्काळ नव्हता! या आंकड्यांवर पुढें विद्वानांत वाद झाले. पण भावाचा हिशेब मात्र डोळ्यांत भरण्यासारखा आहे. कलकत्त्यास १९४२ च्या डिसेंबरांत तांदळाचा भाव मणाला १३ ते १४ रुपये होता. १९४३ च्या मार्चमध्यें तो २१ रुपये झाला, मे महिन्यांत ३० रुपयांच्या वर गेला आणि ऑगस्टमध्यें ३७ रुपयांवर पोंचला. शेतमजुराची मजुरी कांहीं तिप्पट झाली नव्हती. तांदूळ बाजारांत होता, पण तो घेण्याची ऐपत त्याच्या हातांतून निसटली होती.

ही ऐपत गेली कोणाकडे? युद्धाच्या कामांमुळें कलकत्त्याकडे पैशाचा ओघ लागला होता. कारखान्यांतील कामगार, सरकारी नोकर, रेल्वे आणि बंदर यांवरील माणसें यांना 'अग्रक्रमाचे वर्ग' ठरवून त्यांच्यासाठीं स्वस्त धान्याची तरतूद करण्यांत आली. शहर जगलें पाहिजे, कारण शहर युद्धाचा गाडा ओढीत होतें. त्यासाठीं धान्य खरेदी झालें तें खेड्यांतून, आणि त्या खरेदीनें भाव चढले तेहि खेड्यांतच. शेतमजूर, कोळी, नावाडी, भात कांडून पोट भरणाऱ्या बायका हीं माणसें प्रथम मेलीं. १९४५ सालच्या सरकारी चौकशी मंडळानें मृतांचा आंकडा सुमारें पंधरा लाख धरला. पुढील अभ्यासकांनीं तो वीस ते तीस लाख, आणि कांहींनीं त्याहूनहि अधिक मानला. सारांश, खेड्याची भूक आणि शहराचें भरलें ताट या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. एकाच तागडीचीं तीं दोन पारडीं होतीं.

या संकटाला पहिलें कलारूप मिळालें तें रंगभूमीवर. विजन भट्टाचार्य यांचें 'नवान्न' हें नाटक १९४४ सालीं कलकत्त्यास झालें, आणि राजवाडे व देवदेवता यांना सरावलेल्या रंगमंचावर फाटक्या वस्त्रांतील शेतकरी उभा राहिला. त्या काळीं भुकेलीं माणसें शहरांत दारोदार भात मागत नव्हतीं. भात मिळण्याची आशाच उरली नव्हती. तीं 'फॅन' मागत, म्हणजे भात शिजल्यावर जें पेजेचें पाणी फेंकून द्यावयाचें तें. या एका शब्दांत सगळा दुष्काळ सांठलेला आहे. 'नवान्न' आणि इतर कांहीं कथा यांच्या आधारें ख्वाजा अहमद अब्बास यांनीं १९४६ सालीं मुंबईस 'धरती के लाल' हा हिंदी बोलपट काढला. बंगालच्या खेड्याची ही कहाणी प्रथम पडद्यावर आणण्याचा मान अशा रीतीनें मुंबईस मिळाला. त्यांत शंभू मित्र, तृप्ती मित्र आणि बलराज साहनी यांनीं कामें केलीं. बोलपट कळकळीचा होता; पण त्याचा सूर आवाहनाचा, सभेंतल्या भाषणाचा होता. भुकेला तेथें घोषणा मिळाली. तिला घरगुती आवाज अजून मिळावयाचा होता.

तो आवाज १९५५ सालीं मिळाला. सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' दुष्काळावरील नव्हे. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबरीवरून घेतलेली ती एका गरीब भिक्षुकाच्या कुटुंबाची साधी कथा आहे. परंतु दारिद्र्य पडद्यावर कसें दाखवावें, याची रीत पुढील सर्वांना तेथूनच सांपडली. त्यांत सावकार चाबूक उगारीत नाहीं, कोणी मोठ्यानें टाहो फोडीत नाहीं. घरची सर्वजया एकेक भांडें गुपचूप विकते. म्हातारी इंदिर ठाकुरण पाहुण्यासारखी ह्या घरून त्या घरीं जाते आणि शेवटीं बांबूच्या बनांत मरून पडते. मुलीवर माळ चोरल्याचा आळ येतो. दारिद्र्य म्हणजे उपास एवढेंच नव्हे. दारिद्र्यानें जीभ तिखट होते, म्हातारीला दिलेला घास मोजला जातो, चांगल्या बाईच्या मनाचाहि संकोच होतो. हें सत्य बंगाली पडद्यावर एवढ्या संयमानें त्यापूर्वीं आलें नव्हतें.

मृणाल सेन यांनीं हेंच सूत्र पकडून तें दुष्काळाला लावलें. 'बाइशे श्रावण' म्हणजे श्रावणाची बाविसावी तिथि. बंगाली माणसाच्या मनांत ती तारीख रवींद्रनाथ ठाकुरांच्या निधनाची म्हणून कोरलेली आहे. बोलपटांत मात्र ती एका अगदीं सामान्य जोडप्याच्या लग्नाची तारीख आहे. थोरांच्या स्मृतिदिनींच अनामिकांचेंहि कांहीं घडत असतें, हें जणूं या नांवानेंच सुचविलें आहे. प्रियनाथ हा आगगाडींत किरकोळ सौंदर्यप्रसाधनें विकणारा मध्यमवयीन फेरीवाला. मालती ही त्याची तरुण बायको. हीं कामें अनुक्रमें ज्ञानेश मुखोपाध्याय आणि माधवी मुखोपाध्याय यांनीं केलीं आहेत. संसार गरिबीचा, पण त्यांत थट्टामस्करी आहे, लाजरें प्रेम आहे. पुढें आई मरते, अपघातानें नवरा जायबंदी होतो, धंदा बसतो, आणि मग दुष्काळ येतो.

येथें लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट अशी कीं, या बोलपटांत रस्त्यावरील प्रेतांच्या राशी जवळजवळ नाहींतच. दुष्काळ घराच्या उंबरठ्याच्या आंत राहूनच दाखविला आहे. लाखों माणसें मेलीं हें वाक्य ऐकून मन हादरत नाहीं. आंकडा मोठा झाला म्हणजे तो उलट परका होतो. पण ज्या नवऱ्यानें बायकोसाठीं हौसेनें कांहीं आणलें असतें, तोच नवरा पुढ्यांत आलेला भात खातांना तिच्याकडे पाहातहि नाहीं, हें पाहिलें म्हणजे पोटांत कालवतें. भूक माणसाला मारते तें नंतर. त्याआधीं ती त्याच्यांतील सभ्यता मारते. शेवटीं मालती गळफास लावून घेते. ती केवळ अन्न नव्हतें म्हणून मेली, असें म्हणतां येत नाहीं. एकमेकांविषयींचा आदर संपला, आणि त्याच्यामागें जगण्याची इच्छाहि संपली. जनगणनेच्या कोणत्याहि रकान्यांत असल्या मृत्यूची नोंद होत नसते.

तेरा वर्षांनीं सत्यजित राय या विषयाकडे वळले. १९४३ सालीं ते कलकत्त्यांतच एका जाहिरातींच्या कंपनींत नव्यानें नोकरीस लागलेले होते. म्हणजे जें त्यांनीं तारुण्यांत शहरांतून पाहिलें, त्याची कथा तीस वर्षांनीं खेड्यांत जाऊन सांगितली. 'अशनि' म्हणजे वज्र, वीज. 'अशनि संकेत' म्हणजे दूर कोठेंतरी पडणाऱ्या विजेची चाहूल. ही कथाहि विभूतिभूषणांचीच आहे. गंगाचरण चक्रवर्ती हा एका गांवांतील एकुलता एक ब्राह्मण. तो पूजा सांगतो, औषध देतो, शाळा चालवितो, आणि आपल्या थोड्याशा विद्येवर गांवाकडून तांदूळ, भाजीपाला, मान अशी सर्व वसुली आरामांत करतो. सौमित्र चट्टोपाध्याय यांनीं हा लबाड पण वाईट नसलेला माणूस फार सुरेख उभा केला आहे. त्याची पत्नी अनंगा हिचें काम बांगला देशच्या बबिता यांनीं केलें आहे.

युद्ध या गांवाला ठाऊक आहे तें आकाशांतून जाणाऱ्या विमानांच्या रूपानें. बायका तीं कौतुकानें पाहतात. कोठें दूर एक शहर जपान्यांनीं घेतलें अशी वदंता येते. तें शहर कोणत्या दिशेला हेंहि गांवांत नीट कोणाला ठाऊक नाहीं. तांदळाचा भाव वाढतो, मग तो पुन्हां वाढतो, आणि एके दिवशीं पैसे देऊनहि तांदूळ मिळेनासा होतो. मग गांवाची वीण एकेका टांक्यानें उसवत जाते. अनंगा ब्राह्मणाची बायको असूनहि इतर बायकांबरोबर ढेंकीवर, म्हणजे पायानें चालवावयाच्या लाकडी उखळावर, भात कांडावयास जाते. नवऱ्याला तें रुचत नाहीं. पण मजुरीचा तांदूळ घरांत येतो तो तेथूनच. गांवकरी वाण्याच्या कोठारावर तुटून पडतात. छुटकी नांवाची एक तरुण स्त्री तांदळासाठीं वीटभट्टीवरील चेहरा भाजलेल्या माणसाकडे जाते. बोलपट तिच्यावर न्यायनिवाडा करीत नाहीं. ती परत येते तेव्हां तिच्या पदरांत तांदूळ आहे, एवढेंच तो दाखवितो.

आणि मग मोती मरते. ती अस्पृश्य जातीची. गांवांतील भुकेचा पहिला बळी. प्रेत झाडाखालीं पडलें आहे आणि शिवावयास कोणी तयार नाहीं. ज्यानें आजवर आपल्या जातीच्या मोठेपणावर पोट भरलें, तो गंगाचरणच शेवटीं तिचा अंत्यसंस्कार करावयास उठतो. दुष्काळानें त्याचें सर्व कांहीं हिरावून घेतलें आणि त्याच्या हातीं माणुसकी तेवढी उरली, असें म्हणावयास हरकत नाहीं. 'बाइशे श्रावण' मध्यें भूक माणसाला लहान करते. 'अशनि संकेत' मध्यें एका माणसाला तरी ती मोठें करून जाते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. शेवटीं एक वृद्ध ब्राह्मण आपल्या लेंकुरवाळ्या कुटुंबासह गंगाचरणाच्या दाराकडे येतांना दिसतो. त्यांच्या आकृतींचीच पाहतां पाहतां भुकेल्यांची अफाट रांग होते, आणि पन्नास लाखांहून अधिक लोक या मनुष्यनिर्मित दुष्काळांत मेले असें वाक्य पडद्यावर येतें. अभ्यासकांचे आंकडे याहून कमी आहेत, हें वर आलेंच आहे. पण त्या वाक्यांतील महत्त्वाचा शब्द आंकड्याचा नाहीं, तो 'मनुष्यनिर्मित' हा आहे.

या बोलपटाला १९७३ सालीं बर्लिन येथें सर्वोच्च पारितोषिक मिळालें. तरी त्यावर एक आक्षेप आला, आणि तो विचार करण्याजोगा आहे. चित्र रंगीत आहे. हिरवींगार शेतें, कमळांचीं तळीं, फुलपाखरें, सोनेरी संध्याकाळ. इतक्या भीषण विषयाला इतकें सौंदर्य शोभतें काय? याचें उत्तर वर दिलेल्या हिशेबांतच आहे. त्या वर्षीं बंगालची भूमि करपून गेलेली नव्हती. झाडें हिरवीं होतीं, नद्यांना पाणी होतें, शेतांत पीक डोलत होतें. आणि त्या हिरवळीवरच माणसें मरत होतीं. भेगाळलेली जमीन दाखविली असती, तर प्रेक्षकानें सर्व दोष पर्जन्याच्या माथीं मारला असता. निसर्ग हंसरा दाखवून रायांनीं निसर्गाला निर्दोष सोडलें, आणि दोषी कोण, हा प्रश्न मोकळा ठेवला.

महाराष्ट्रांतील वाचकाला या ठिकाणीं आपल्या घरचा एक दाखला आठवेल. 'अशनि संकेत' प्रकाशित झाला त्याच सुमारास महाराष्ट्र बहात्तरच्या दुष्काळांत होरपळत होता. येथें तर पाऊस खरोखरच पडला नव्हता, विहिरी आटल्या होत्या, ज्वारी-बाजरी बुडाली होती. तरीहि १९४३ सारखा मृत्यूंचा खच पडला नाहीं. याचें एक मोठें कारण असें कीं, खडी फोडण्याचीं, रस्त्यांचीं, बंडिंगचीं आणि तलावांचीं सरकारी कामें निघालीं आणि लाखों लोकांच्या हातांत रोजच्या मजुरीचा पैसा पडला. लोकांचे हाल कमी झाले असें नव्हे; पण धान्य विकत घेण्याची ऐपत त्यांच्या हातून अगदींच गेली नाहीं. बंगालमध्यें पिकें उभीं असतां माणसें मेलीं, आणि महाराष्ट्रांत पिकें बुडालीं असतां बहुतांशीं तगलीं. दुष्काळ आभाळांतून पडत नसून बाजारांतून आणि कचेरींतून येतो, हें या दोन उदाहरणांवरून जितकें स्पष्ट होतें तितकें एकट्या कोणत्याहि ग्रंथावरून होणार नाहीं.

आतां तिसरा बोलपट. 'आकालेर संधाने' म्हणजे 'दुष्काळाच्या शोधांत'. १९८० च्या सप्टेंबरांत कलकत्त्याची एक चित्रपटमंडळी हातुई नांवाच्या खेड्यांत १९४३ च्या दुष्काळावर बोलपट काढावयास येते, अशी त्याची कल्पना. दिग्दर्शकाचें काम धृतिमान चट्टोपाध्याय यांनीं केलें आहे. नायिका आहेत स्मिता पाटील, आणि त्या येथें स्मिता पाटील म्हणूनच वावरतात. 'जैत रे जैत' मुळें महाराष्ट्राच्या घराघरांत पोंचलेली ही मराठी अभिनेत्री बंगालच्या खेड्यांत येते, गांवकऱ्यांचें कुतूहल होते, आणि कॅमेरा सुरू झाला कीं दुष्काळांतील उपाशी शेतकऱ्याची बायको होते. शहरांतून आलेला सहृदय कलावंत गांवाच्या दुःखाजवळ किती जाऊं शकतो, याची कसोटीच या दुहेरी भूमिकेंत आहे.

मंडळी एका जुन्या पडक्या वाड्यांत उतरते. त्याच वाड्याच्या एका कोपऱ्यांत एक बाई आपल्या अर्धांगवायूनें खिळलेल्या नवऱ्याची शुश्रूषा करीत राहते. चित्रण चालूं असतांनाच तो मरतो. पाऊस लागला कीं काम थांबतें, आणि मंडळी वेळ घालविण्यासाठीं दुष्काळाचीं छायाचित्रें एकमेकांना दाखवून सालें ओळखण्याचा खेळ खेळते. हाडांचे सांपळे सर्व सारखेच. एक १९४३ चें निघतें, एक १९५९ चें, एक १९७१ चें. खेळतां खेळतां हंसणें थांबतें. ज्या दुष्काळाच्या शोधांत ते सदतीस वर्षें मागें जावयास निघाले होते, तो कोठें गेलेलाच नाहीं, हें त्यांच्या आणि प्रेक्षकांच्याहि ध्यानांत येऊं लागतें.

पुढचा प्रसंग या सर्व विषयाचा गाभा आहे. मंडळी मोठी, तिला रोज मासे, भाजी, अंडीं, तांदूळ हवे. पैसा शहरचा, त्यामुळें घासाघीस नाहीं. पाहतां पाहतां गांवच्या बाजारांत जिन्नस मिळेनासे होतात आणि भाव चढतात. गांवांत बोललें जातें कीं, हे दुष्काळाचें चित्र घ्यावयास आले आणि दुष्काळच घेऊन आले. उद्गार थट्टेचा आहे. पण १९४३ चें संपूर्ण यंत्र त्यांत लहान आकारांत पुन्हां चालूं झालेलें आहे. तेव्हांहि शहराचा पैसा गांवच्या बाजारांत उतरला होता आणि गांवच्या माणसाला आपल्याच गांवचा तांदूळ परवडेनासा झाला होता. फरक एवढाच कीं, आतां शहर शत्रूशीं लढावयास निघालेलें नसून गांवाविषयीं कळवळा दाखवावयास आलेलें आहे. कोणाचा हेतु वाईट नाहीं. हेतु चांगला असूनहि हें घडतें, हीच भयंकर गोष्ट आहे.

दुर्गा नांवाची गांवची एक बाई मंडळीकडे कामाला येऊं लागते. श्रीला मजुमदार यांनीं हें काम केलें आहे. तिचा नवरा अपंग आहे, पदरीं लहान मूल आहे. एके दिवशीं ती चित्रण पाहत उभी असते. प्रसंग असा कीं, दुष्काळांतील बायको देहाच्या मोलानें मिळविलेला तांदूळ घेऊन घरीं येते आणि संतापलेला नवरा पोटच्या पोरालाच आपटावयास उचलतो. पाहणाऱ्यांच्या गर्दींतून एकाएकीं किंकाळी उठते, ती दुर्गेची. इतरांना जें नाटक, तें तिला नाटक वाटलेलें नाहीं. पुढें वेश्येच्या एका भूमिकेसाठीं गांवांतीलच मुलगी घेण्याची गोष्ट निघते आणि गांव बिथरतें. गांवच्या वृद्ध शिक्षकाचा सल्ला मानून मंडळी गाशा गुंडाळते आणि उरलेलें चित्रण कलकत्त्याच्या स्टुडिओंत करावयास निघून जाते. शेवटीं पडद्यावर दुर्गेचा चेहरा उरतो. तो दूर दूर जात लहान होतो आणि निवेदन ऐकूं येतें कीं, तिचें मूल गेलें, नवराहि नाहींसा झाला, आतां ती एकटी आहे. या बोलपटाला त्या वर्षाच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिक आणि १९८१ सालीं बर्लिनला परीक्षकांचें विशेष पारितोषिक मिळालें. दुर्गेला काय मिळालें, हा प्रश्न बोलपट स्वतःलाच विचारून थांबतो.

योगायोग असा कीं, त्याच १९८० सालीं सुप्रसिद्ध अभिनेत्री नर्गिस यांनीं राज्यसभेंत सत्यजित राय यांच्या बोलपटांवर टीका केली. देशाचें दारिद्र्य परदेशांत मांडून ते कीर्ति मिळवितात, असा त्या टीकेचा रोख होता. तसा आरोप करणारे आजहि भेटतात. तो केवळ दुष्ट बुद्धीचा म्हणून झिडकारणें योग्य नाहीं. दुसऱ्याच्या भुकेचें चित्र काढणाऱ्याला आपल्या हेतूची झडती द्यावीच लागते. परंतु हीच झडती मृणाल सेन यांनीं स्वतःच्या बोलपटांत, कोणत्याहि टीकाकाराहून अधिक कठोरपणें घेतली आहे. आणि दारिद्र्य न दाखविल्यानें तें कमी होतें, असें तर कोणीच म्हणूं शकणार नाहीं. १९४३ सालीं तें दिसूं नये म्हणून भुकेल्यांना कलकत्त्याच्या रस्त्यांवरून हलवून शहराबाहेर नेण्यांत आलें होतें. रस्ते मोकळे झाले. भूक होती तेथेंच राहिली.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाहीं. दुःखच कां पाहावें? या तीन बोलपटांचें उत्तर असें कीं, केवळ दुःख पाहण्यासाठीं ते पाहूंच नयेत. ते पाहावेत तें दुःख कोणत्या वाटेनें येतें हें समजून घेण्यासाठीं. पहिला सांगतो कीं, भूक प्रथम नात्यांत शिरते. दुसरा सांगतो कीं, ती भरल्या शेतांतूनहि येऊं शकते, कारण तिची वाट आभाळांतून नसून बाजारांतून आहे. तिसरा सांगतो कीं, त्या बाजारांत पाहणाराहि एक गिऱ्हाईक आहे. शहरांतील घरांत रोज शिजणारा भात कोणत्या तरी खेड्यांतून आलेला असतो. तो पिकविणाऱ्याला त्याच भावांत आपला घास विकत घेतां येतो कीं नाहीं, एवढा विचार ज्याच्या मनांत ताटावर बसतांना एकदां तरी डोकावेल, त्याचे ते दोन तास वायां गेले असें कोणी म्हणणार नाहीं.